पुरानंतर लोक "किती खंबीर झालीस" म्हणतात, तेव्हा काय वाटून घ्यायचं?

वाशिष्ठीकाठची

मी चिपळूणची, वय ३६. बाजारपेठेत आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, आजोबांच्या वेळचं. दुकान खाली, आम्ही वर राहतो.

२६ जुलै २००५ चा पूर आम्ही पाहिला होता. त्या वेळी पाणी कुठवर आलं त्याची खूण बाबांनी दुकानाच्या भिंतीवर निळ्या रंगाने करून ठेवली होती. दर वर्षी जूनमध्ये सगळा माल त्या खुणेच्या वर चढवायचा, ही आमच्याकडची रीत. बाबांचा अंदाज बाजारात मानला जायचा. पाऊस लागला की शेजारचे दुकानदार येऊन विचारायचे, "काका, यंदा कुठवर?"

२२ जुलै २०२१ ला पहाटे पाणी शिरलं ते खुणेच्या वर गेलं. करोनामुळे शाळा बंद, त्यामुळे दोन हंगामांचा माल तसाच पडून होता. पाणी उतरल्यावर खाली गेलो तर कपाटांची दारं उघडेनात. वह्या भिजून इतक्या फुगल्या होत्या की दारं आतून घट्ट दाबली गेली होती. बाबांनी पहार घेतली आणि स्वतःच्या हाताने स्वतःची कपाटं फोडली. त्यांचा तेव्हाचा चेहरा मला अजून दिसतो.

त्यानंतर मी बदलले, हे खरं आहे. त्याआधी मला बँकेत एकटीने जायची भीती वाटायची. पंचनाम्याच्या वेळी मी बोलले, विमा कंपनीशी आठ महिने भांडले. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली चिखलाने माखलेली पुस्तकं साफ करायला गेले. ते वाचनालय १८६४ चं आहे, आमच्या आजोबांनीही तिथूनच पुस्तकं आणून वाचली. डिसेंबरमध्ये वाशिष्ठी नदीतला गाळ काढा म्हणून साखळी उपोषण झालं, त्यात बसले. आता दुकान मीच बघते.

बाबा मात्र मिटत गेले. पाऊस सुरू झाला की वरून खाली येत नाहीत. दर पंधरा मिनिटांनी मोबाईलवर पाण्याची पातळी बघतात. रात्री दोनला उठून खिडकीशी बसतात.

गेल्या महिन्यात इथे एक व्याख्यान झालं, विषय "आघातानंतरची वाढ". वक्त्यांनी माझं उदाहरण दिलं. पुराने ही मुलगी घडवली, म्हणाले. टाळ्या झाल्या. बाबा दुसऱ्या रांगेत होते. घरी येताना हळूच म्हणाले, "म्हणजे पूर आला ते बरंच झालं म्हणायचं."

रागाने नाही म्हणाले. मला उत्तर देता आलं नाही, आणि अजूनही सापडलेलं नाही. माझ्यात झालेला बदल मला आवडतो, आणि तो आवडतो याचीच लाज वाटते. हे कुणाच्या बाबतीत झालंय का? आणि बाबांसाठी मी काय करू?

---

शिरोळचा शेतकरी

ताई, आमच्याकडे २०१९ ला महापूर आला. सावरतोय तोवर २०२१ ला पुन्हा. दोन्ही वेळेला ऊस कुजला. पहिल्या पुरात गोठ्यातली दावी सोडायला उशीर झाला आणि दोन म्हशी गेल्या. त्यातली एक गाभण होती.

वाढ झाली का, मला सांगता येणार नाही. एवढं मात्र झालं की आता कोल्हापूरला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर गेली, म्हणजे नुसती इशारा पातळी, की मी जनावरं हलवतो. धोक्याच्या ४३ ची वाट बघत नाही. पहिल्यांदा लोक म्हणायचे, हा घाबरट झालाय. आता गल्लीतले सहा-सात जण माझ्याबरोबरच निघतात.

पण तेवढ्यासाठी म्हशी जायला हव्या होत्या असं मला कुणी म्हणालं तर मी त्याच्याशी बोलणार नाही. बाबांचं मला पटतं.

---

पारिजात

मी समुपदेशक आहे, म्हणून या शब्दाबद्दल थोडं सांगते. व्याख्यानात तो अर्धाच सांगितला गेला असं दिसतंय.

ही कल्पना मांडली अमेरिकेतल्या रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या दोन मानसशास्त्रज्ञांनी, १९९० च्या दशकात. १९९६ मध्ये त्यांनी २१ विधानांची एक मोजपट्टी केली. माणसांशी नातं, नव्या वाटा, आपल्या ताकदीची जाणीव, आयुष्याची किंमत कळणं आणि अध्यात्मिक बदल अशा पाच अंगांनी ती बघते. त्यांनी सुरुवातीपासून एक गोष्ट सांगितली आहे: संकट माणसाला वाढवत नाही. संकटाने आपल्या समजुती मोडतात, त्या पुन्हा उभ्या करताना जी झटापट होते तिच्यातून झाली तर वाढ होते. होईलच असं नाही. न झाली तर त्या माणसात काही उणं आहे असंही नाही.

दुसरं, वाढ झाली म्हणजे त्रास संपला असं नसतं. न्यू ऑर्लीन्सच्या काही गरीब, तरुण आयांचा अभ्यास चालू होता. तो चालू असतानाच २००५ मध्ये कॅटरिना वादळ आलं. त्यामुळे त्या आधी कशा होत्या याची नोंद संशोधकांकडे होती, जी सहसा कधीच नसते. वादळानंतर त्याच बायकांना पुन्हा भेटून विचारलं, तेव्हा ज्यांना आघाताची लक्षणं जास्त त्यांच्यातच वाढही जास्त दिसली. एकाच बाईत दोन्ही. म्हणून तुम्हाला आवडणं आणि लाज वाटणं हे दोन्ही एकत्र आहे, त्यात चुकीचं काही नाही.

बाबांबद्दल: चार वर्षांनंतरही रात्री दोनला जाग येते, खाली उतरवत नाही, सतत पातळी बघतात. हा स्वभाव नाही, यावर उपचार आहेत. रत्नागिरीला किंवा जवळ कुठे मनोविकारतज्ज्ञ असतील तर एकदा दाखवा. ते यायला तयार नसतील तर आधी तुम्ही १४४१६ वर बोला. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि कृपा करून कुठल्याही कार्यक्रमात तुम्हा दोघांना शेजारी उभं करू देऊ नका.

---

तेरणेकाठची लेक

ताई, तुमच्या बाबांचं ते वाक्य वाचून मी फोन बाजूला ठेवला होता. आज चौथ्या दिवशी लिहितेय. ते वाक्य आमच्या घरात बोललं गेलेलं आहे, जरा वेगळ्या शब्दांत.

मी किल्लारीच्या शेजारच्या, तेरणेकाठच्या एका गावची. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. मी अकरा वर्षांची होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, गणपती बोळवून माणसं उशिरा येऊन झोपली होती. आमचं घर माळवदाचं. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. दोन-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, आत लाकडी खांब, त्यावर तुळया, आणि वर मातीचा जाड थर. गळू नये म्हणून दर वर्षी पावसाळ्याच्या आधी त्यावर आणखी पांढरी माती टाकायची. उन्हाळ्यात इतकं गार की दुपारी घोंगडी घ्यावी वाटायची. त्याच मातीखाली माणसं गेली. भिंतीच्या आतली दगडांची रांग आणि बाहेरची रांग यांना एकमेकींना धरून ठेवणारा दगडच मधे नसायचा. हादरा बसला की भिंत मधोमध उकलायची आणि वरचं सगळं खाली यायचं.

आमची आजी गेली आणि माझा धाकटा भाऊ गेला, पाच वर्षांचा. माय, आण्णा म्हणजे माझे वडील, आणि मी खांबांच्या बाजूला झोपलो होतो. खांब आणि तुळया उभ्या राहिल्या, म्हणून आम्ही राहिलो. सरकारी आकड्याप्रमाणे आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. आकडा मी मोठेपणी वाचला. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की पाऊस पडतोय आणि सरणाला लाकूड नाही म्हणून लोक पडलेल्या घरांची दारं उचलून नेतायत. आमचं दार आण्णांनी आणि चुलत्यांनी नेलं. त्याच दाराला आदल्या दिवशी आंब्याची पानं बांधली होती.

आम्ही आजोळी गेलो, उमरगा तालुक्यात. तिथली घरं उभी होती पण भेगाळलेली. आता मी मायबद्दल सांगते, कारण वक्त्यांनी तुमच्याबद्दल जे सांगितलं तेच तिच्याबद्दल गेली तीस वर्षं सांगितलं जातंय.

माय चौथी शिकलेली. सासऱ्यांसमोर, दिरांसमोर कधी तोंड उघडलं नाही. ज्या गावांत घरं पडली नव्हती तिथे सरकारने घरं दुरुस्त आणि मजबूत करायची योजना आणली. पैसा आणि सामान मालकाला मिळायचं, काम मालकाने करून घ्यायचं. पण लोकांना ते समजावून कोण सांगणार? स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मार्फत गावोगावच्या बायकांना त्यासाठी नेमलं. संवाद सहाय्यक म्हणायचे. मामीने मायचं नाव दिलं. माय जात नव्हती. मामी म्हणाली, नुसती बसून ये, घरात बसून तरी काय करतीस.

पहिले काही दिवस ती नुसतीच बसून आली. मग एक दिवस इंजिनिअरने भिंतीला जोड दगड कसा घालायचा ते दाखवलं. जुन्या भिंतीतला एखादा दगड काढून आरपार भोक पाडायचं, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई घालायची आणि काँक्रीट भरायचं. म्हणजे आतली आणि बाहेरची भिंत एकमेकींना बांधली जाते. मी मायजवळ बसले होते. तिने पदर नीट केला आणि विचारलं, "हे आमच्या भिंतीत असतं तर?" इंजिनिअर तरुण पोरगा होता. त्याला काही बोलता आलं नाही. हातातला खडू तो बराच वेळ फिरवत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून माय घरोघर हिंडायला लागली. तिच्याकडे एक लांब तार होती, छत्रीच्या काडीएवढी जाड. मिस्त्रीने भोक पाडलं की काँक्रीट भरायच्या आधी ती तार त्यात घालायची आणि मला भिंतीच्या पलीकडे पाठवायची. तार बाहेर आली तर मी ओरडायचे, "आली!" नाही आली तर मिस्त्रीला म्हणायची, "मिस्त्री, तार पलीकडं निघंना." मिस्त्री चिडायचे. बाईला काय कळतं म्हणायचे. ती भांडायची नाही, तिथंच दगडावर बसून राहायची. भोक पलीकडं निघेपर्यंत उठायची नाही. सहा महिन्यांत मिस्त्री स्वतःहून बोलवायला लागले, "अक्का, तार घेऊन या."

२००१ ला २६ जानेवारीला भुजला भूकंप झाला, तेव्हा आमच्याकडच्या बायका कच्छला गेल्या. माय त्यांत होती. महाराष्ट्राबाहेर ती पहिल्यांदा गेली. गुजराती येत नव्हती. ती सांगते की तिथल्या एका बाईशेजारी ती दिवसभर बसली, दोघींना एकमेकींचं काही कळत नव्हतं. संध्याकाळी त्या बाईने बोटांनी दाखवलं, तीन. मायने एक बोट दाखवलं. मग दोघींनी मिळून चहा केला. येताना माय तिची ती तार तिथं देऊन आली.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. मायचा सत्कार झाला, शाल-नारळ मिळालं, आणि भाषणात कुणीतरी म्हणालं, भूकंपाने या माउलीला घडवलं. घरी येऊन ती भाकरी करायला बसली. पीठ मळता मळता म्हणाली, "भूकंपानं काय दिलं मला? लेकरू नेलं. काम तर मी केलं ना, उन्हातान्हात हिंडून." तिला राग आला होता. मला वाटतं तुमच्या बाबांना हेच सांगायला हवं. पूर आला ते बरं झालं नाही. पुराने तुमची कपाटं नेली, बाबांचा विश्वास नेला. विमा कंपनीशी आठ महिने भांडलात त्या तुम्ही. त्याचं श्रेय पुराला द्यायची काही गरज नाही. आणि ते तुमचं आहे म्हणूनच त्याची लाजही नको.

पण खरं सांगायचं ते आण्णांचं आहे.

तीच रात्र, तेच घर. मायच्या हातात कुणीतरी तार दिली. आण्णांच्या हातात काय आलं? चेक आला, पत्र्याच्या शेडचा नंबर आला. पुढे आमचं गाव नव्या जागी वसवलं, तशी ५२ गावं वसली. रुंद रस्ते, चौकोनी घरं, शेत लांब, जुना शेजार विखुरलेला. आण्णा सिमेंटच्या घरात झोपायचे नाहीत. सात वर्षं अंगणात झोपले, पावसात पत्र्याखाली. मधली काही वर्षं दारूत गेली. आमच्या भागात तेव्हा खूप घरांत हे झालं, एकटे आण्णा नव्हते. लोक त्यांच्या तोंडावर म्हणायचे, बाई बघा कशी उभी राहिली. एकदा मला म्हणाले, "तुझ्या मायचं नशीब भूकंपातून निघालं." मी तेव्हा बी.एड. करत होते, मला त्यांचा फार राग आला. मला वाटलं, हे जळतात तिच्यावर. तो राग मी कितीतरी वर्षं धरून बसले.

दर वर्षी ३० सप्टेंबरला आण्णा एकटे जुन्या गावात जातात. आम्ही कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. २०१८ ला पंचवीस वर्षं झाली म्हणून मी म्हटलं, मीही येते. जुन्या गावात आता वेड्या बाभळी माजल्यात, वाट काढत जावं लागतं. जिथं मला नुसते दगड दिसत होते तिथं आण्णा उंबरठा ओलांडल्यासारखा पाय उचलून आत गेले. काठीने दाखवत होते. इथं बळद होतं, इथं तुझी आजी बसायची, इथं रांजण. एकेका हाताचं अंतर त्यांना पाठ होतं.

मग एका कोपऱ्यात थांबले आणि म्हणाले, "मी इकडून उकरायला लागलो. उगवतीकडून. मला वाटलं तो आजीपाशी झोपलाय. तो तिकडं होता, मावळतीला. रात्री पाणी प्यायला उठला असंल आणि तिकडंच झोपला. मी इकडून सुरुवात केली."

एवढंच. पंचवीस वर्षं. माझी माय भिंतीत तार घालून बघत होती तेव्हाही आण्णा ते मनात धरून होते, अंगणात झोपत होते तेव्हाही. आम्ही त्यांना विचारलं नव्हतं की तू त्या रात्री काय केलंस. सगळे मायला विचारायचे, तू नंतर काय केलंस.

त्यानंतर चमत्कार काही झाला नाही. दारू आधीच सुटली होती. ते आता जास्त बोलतात असंही नाही. आता दर वर्षी मी त्यांच्याबरोबर जाते, शाळेतून रजा काढून. पाण्याची बाटली आणि गूळ-शेंगदाणे घेते, तिथं बसून खातो आणि येतो.

पारिजात यांनी डॉक्टरांचं लिहिलंय ते नक्की करा, आमच्याकडे ते कुणी सुचवलंच नाही. पण ताई, मला सारखी ती निळी खूण दिसतेय. तुम्ही सगळं लिहिलंत, वह्या, कपाटं, विमा, आणि खुणेबद्दल एवढंच की पाणी तिच्या वर गेलं. ती खूण बाबांची होती. सोळा वर्षं त्यांनी ती सांभाळली, बाजार त्यांना विचारून माल चढवायचा. त्या रात्री त्यांना कुणी विचारलं होतं का, काका यंदा कुठवर? तुम्ही त्यांना विचारलंय कधी? पाऊस नसताना विचारा, आणि त्यांच्या शेजारी बसून. समोर बसून नको.

---

वाशिष्ठीकाठची

आठ दिवसांनी लिहितेय, माफ करा.

परवा विचारलं. उघडीप होती. खिडकीशी त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, बाबा, त्या रात्री तुम्हाला कुणाचा फोन आला होता का?

आला होता. रात्री दोनच्या सुमारास. आमच्या मागच्या गल्लीत एक शिंपीकाका होते, त्यांचा. विचारत होते, मशिनी वर चढवू का, एकटा आहे, मुलगा मुंबईला आहे. बाबा म्हणाले, "२००५ च्या वर नाही जाणार. मशिनी टेबलावर ठेवा आणि झोपा." चार मशिनी होत्या. सगळ्या गेल्या. काका पत्र्यावर चढून वाचले, पण पुढे दुकान बंद करून खेडला मुलीकडे राहायला गेले. आम्हाला वाटायचं वय झालं म्हणून गेले.

रात्री दोनला बाबा खिडकीशी का बसतात, ते मला चार वर्षांनी कळलं.

मी म्हणणार होते, तुमची काय चूक, कुणालाच माहीत नव्हतं. तोंडाशी आलं होतं. तुमचं लिहिलेलं आठवलं म्हणून गप्प बसले. मग त्यांनीच खूप वेळ सांगितलं, भरतीची वेळ काय होती, पाऊस किती होता, त्यांचा हिशोब कुठे चुकला. अगदी आकड्यांनिशी. १४४१६ वर मी बोलले आहे. त्यांनी जवळचा पत्ता दिलाय, पुढच्या आठवड्यात जायचं ठरतंय. बाबा नाही म्हणाले नाहीत.

शिंपीकाकांचा नंबर बाबांच्या डायरीत आहे. लावलेला नाही. मी लावून देऊ का?

---

तेरणेकाठची लेक

नका लावून देऊ. नंबर समोर राहू द्या. त्यांना लावावासा वाटला तर ते लावतील, आणि खेडला जायचं म्हणाले तर गाडी तुम्ही चालवा आणि बाहेर थांबा.

आकड्यांनिशी सांगत होते म्हणालात, ते लिहून घ्या. भरती किती वाजता, पाऊस किती, पाणी कोणत्या पायरीला किती वाजता आलं. त्यांना विचारून, त्यांच्या शब्दांत, वहीत. आण्णांनी जुन्या घराची मापं मला सांगितली ती मी अशीच लिहिली, आता ती वही तेच मागून घेतात आणि दुरुस्त्या करतात.

येत्या मंगळवारी ३० तारीख आहे. मी जुन्या गावात असेन, तिथे फोन लागत नाही. बुधवारी संध्याकाळी बघेन, डॉक्टरांकडे काय झालं ते लिहून ठेवा.